दरवर्षी ठरवून भांडणारा माणूस

आमच्या त्रिंबकमामाला वर्षातून एकदा भांडायला बोलावतात. रीतसर फोन येतो, न्यायला गाडी येते, आणि भांडण झालं की शाल मिळते. आजवरच्या सगळ्या शाली मीनामामीने गाद्यांवर अंथरल्यात, त्यामुळे त्यांच्या घरी मुक्कामाला आलेला पाहुणा मामाच्या कुठल्या ना कुठल्या भांडणावर झोपतो.

बोलावणारी माणसं साधी नाहीत. आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टरांची एक संघटना आहे, तिची सोलापूर शाखा. आमच्या बुधवार पेठेत सगळे तिला सोसायटी म्हणतात. आता सोसायटी म्हटलं की लोकांना पतपेढीच आठवते, म्हणून मामाला वाटेत कोणीतरी हटकतंच. "काय कंडक्टर, सोसायटीत लई वजन हाय म्हनं तुमचं. बघा की आमचं काय हुतंय का." मामा पाय न थांबवता सांगतो, "तितं फकस्त ऑक्सिजन मिळतो. पायजे का?"

ही सोसायटी वर्षभर गप्प बसत नाही. उन्हाळ्यात नर्सना बोलावून व्हेंटिलेटर शिकवते. पावसाळ्यात मंगळवेढा, कुर्डुवाडीकडच्या लहान दवाखान्यांत जाऊन तिथले ऑक्सिजनचे जोड, पंप, मॉनिटर बघते. मधल्या काळात शाळाशाळांतून रबरी बाहुला घेऊन हिंडते आणि पोरांना त्याची छाती दाबायला लावते. आमच्या शाळेत आले तेव्हा सगळ्या वर्गाने मिळून त्याला इतकं दाबलं की जिवंत असता तर मेलाच असता. आणि जानेवारीत, सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, उठला की, दोन दिवसांची मोठी कार्यशाळा. तिच्या शेवटच्या दुपारी एक तास असतो, 'नातेवाइकांशी संवाद' नावाचा. शिकाऊ डॉक्टर खुर्चीत, समोर एक रिकामी खुर्ची, बाजूला एक बंद दार. दारामागे पेशंट आहे असं धरून चालायचं. रिकाम्या खुर्चीवर बसायला जो नातेवाईक येतो, तो आमचा मामा.

बसायला येतो म्हणजे काय, बसत नाही. तीच तर परीक्षा असते. जो डॉक्टर मामाला खाली बसवेल तो पास.

आणि मामाला खाली बसवणं सोपं नाही. जन्मभर एसटीत कंडक्टर होता. सोलापूर-मंगळवेढा, सोलापूर-अक्कलकोट, गच्च भरलेली गाडी, पाय फाकवून दांडीला पाठ लावून उभा. निवृत्त झाला तरी घरात दांडी शोधत असतो. जेवतानासुद्धा दोन घास खाऊन उठतो, दाराशी जाऊन येतो, पुन्हा दोन घास. मामी म्हणते, "बसा की वो, स्टॉप आलाय तुमचा." पण त्या गाडीने त्याला कान दिला. अक्कलकोटकडची कानडी बाई सुट्टे पैसे नसताना कशी बोलते, मंगळवेढ्याचा पाहुणा कसा सगळ्याला 'बरं' म्हणतो आणि शेवटी स्वतःचंच करतो, विजापूर वेशीतला चाचा 'क्या रे मियाँ, इत्ता टाइम लगा रा' कसं म्हणतो, सगळं त्याच्याकडे साठलेलं. माझ्या अंगात नकला आल्या त्या त्याच्याच तिकिटावर.

त्याला हे काम मिळालं ते खऱ्या भांडणातून. त्याचा धाकटा भाऊ, अजिनाथमामा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. एका वर्षी त्याला डेंग्यूने असं धरलं की थेट सोलापूरला आयसीयूत आणला. तिथले मोठे डॉक्टर म्हणजे महेश्वरसर. ते बोलताना आधी घसा साफ करतात, मग "बेसिकली" म्हणतात, मग पुन्हा घसा साफ करतात, आणि तोवर ऐकणाऱ्याचा जीव जातो. ते म्हणाले, "अं... बेसिकली, व्हेंटिलेटर लावावा लागेल." झालं. मामाने हवेत हात उचलला, एक क्षण थांबला, आणि सगळा मजला ऐकेल असा सुटला: "मशीनवर टाकलं की मानूस परत येत न्हाय! नळी घातली म्हंजी संपलं, हे आमाला कळतंय डाक्टर! बिल वाढवायचं असंल तर तसं सांगा की!" खालच्या कँटीनमधली माणसं हातात कप घेऊन वर आली म्हणे.

अजिनाथमामा मशीनवर गेला, आणि मशीनवरून परतही आला. आता ठणठणीत आहे, कुर्डुवाडीला घरापुढे बसून जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतो. मामा पेढे घेऊन माफी मागायला गेला तर महेश्वरसर म्हणाले, "अं... बेसिकली, त्रिंबकराव, तुम्ही परत भांडाल का?"

"आता कशाला? भाऊ घरी आला की."

"माझ्याशी नको. आमच्या पोरांशी. त्यांना पुस्तकं येतात. तुम्ही येत नाही."

तेव्हापासून दरवर्षी. मामा तीन नातेवाईक करतो. पहिला मंगळवेढ्याचा पाहुणा, जो डॉक्टर काहीही म्हणाला तरी "बरं" म्हणतो, आणि सगळं सांगून झाल्यावर विचारतो, "मग घरी कवा न्यायचं?" दुसरा फोनवाला. तो डॉक्टरपुढे मोबाईल धरतो, "जरा आमच्या भाच्याशी बोला, त्यो पुन्याला मेडिकल दुकानात हाय." आणि तिसरा तो स्वतः, अजिनाथमामाच्या वेळचा. हात हवेत, एक क्षण थांबायचं, "मशीनवर टाकलं की मानूस परत येत न्हाय!" तो शेवटचाच. त्यालाच शाल. आमच्या घरी कोणाचंही लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की लोक मला म्हणतात, "प्रतिक्षा, मामाचं मशीन कर की." मी हात उचलते, थांबते, आणि लोक हसून लोळतात. मामा सगळ्यात जास्त हसतो. मामी हसत नाही. ती भांडी गोळा करत म्हणते, "त्यांचं त्ये नाटक, आन् तुझं त्येचं नाटक."

मामी कधी कार्यशाळेला गेली नाही. तिला वेळ नसतो. ती शाळेचे युनिफॉर्म शिवते, एका शेडमध्ये, जिथून अर्ध्या देशाच्या शाळांना कपडे जातात. जूनच्या आधी तर तिला मान वर करायला फुरसत नसते. कुठल्या गावच्या पोरांचे खिसे फाटतात आणि कुठल्या गावच्या पोरी झालरी उसवतात हे तिला न बघता माहीत आहे.

गेल्या वर्षीच्या कार्यशाळेला मीही मामाबरोबर गेले होते, तेव्हा शिकाऊंत शिवलीला डॉक्टर होती. अक्कलकोटकडची, नुकतीच शिकून आलेली, मराठी बोलते पण वाक्याच्या शेवटाला कानडी हेल देते. मला तो हेल यायला आठवडा लागला. तिच्या आधी एक पुण्याचा मुलगा होता. तो प्रत्येक वाक्यानंतर "ओके?" म्हणायचा. "पेशंट सीरियस आहे, ओके?" मामाने त्याला असा फोडला की तो शेवटी स्वतःच खुर्चीवरून उठला. मग शिवलीला डॉक्टर आली. फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. म्हणाली, "मामा, आधी मला सांगा, तुम्हाला आतापर्यंत काय कळलंय?" मामाने हात उचलला, थांबला, वाक्य टाकलं. ती घाबरली नाही. म्हणाली, "काही माणसं परत येत नाहीत, खरं आहे हो. पण मशीनमुळे नाही. फार आजारी असतात म्हणून मशीन लावतो, म्हणून तसं वाटतं. श्वास दमलाय, त्याला मशीन सुट्टी देतं. नक्की परत येतील असं मी सांगत नाही. न लावता मात्र जाणार, ते सांगते." आणि गप्प बसली. मामा इकडून तिकडे दोन फेऱ्या मारून आला, आणि बसला. हॉलमध्ये टाळ्या. घरी येताना म्हणाला, "पोरगी तयार हाय. लई मोठी हुनार."

या वर्षी गड्डा भरायच्या आधीपासून मामीला खोकला होता. शेडमध्ये सुताचा भुगा, बाहेर गड्ड्याची धूळ. ती म्हणाली, ऑर्डर पोचली की बघू. ऑर्डर पोचायच्या आधी तिला ताप चढला, आणि एका सकाळी मशीनवर पाय ठेवला तो तसाच राहिला. शिलाईच्या मशीनवर. शेजारच्या बायकांनी रिक्षात घातली. न्यूमोनिया म्हणाले. आयसीयूत घेतली, नाकातोंडावर घट्ट मास्क लावला, जोराने हवा ढकलणारा. आणि तिथली डॉक्टर म्हणजे शिवलीला.

मामाला एवढा आनंद मी कधी पाहिला नाही. "आपलीच हाय! म्या पास केलेली हाय तिला!" बाहेरच्या बाकांवरच्या सगळ्यांना सांगून झालं. त्या बाकांवर तो काही बसला नाही, पण बाकांवरच्या सगळ्यांची विचारपूस केली, कोणाचा कोण आत आहे, कुठल्या गाडीने आले, आता डॉक्टर काय म्हणतील आणि त्याचा अर्थ काय. आई म्हणाली, "दादा, जरा टेक की." तो म्हणाला, "टेकतो की," आणि जिन्याकडे गेला.

दुपारी शिवलीला डॉक्टर दारात आली. म्हणाली, "मामा, जरा इकडच्या खोलीत येता?"

आत दोन खुर्च्या होत्या, बाजूला आयसीयूत उघडणारं दार. मी आणि आई मामाच्या मागून आत घुसलो. डॉक्टर एका खुर्चीवर बसली, तिने फोन काढला, बंद केला, टेबलावर पालथा ठेवला.

मामाचं हसू तिथेच गेलं.

"मामा, बसा की."

"फोन बंद केला तुमी," मामा म्हणाला.

"हो. बसा ना."

"बसवताय म्हंजी वाईट हाय. डाक्टर, पुढचं मला पाठ हाय. आता इचारनार, तुमाला काय कळलंय. मग सांगनार. मग गप बसनार. त्ये गप बसायचं तर नकाच करू, त्ये मला सोसायचं न्हाय."

शिवलीला डॉक्टरने जे जे म्हणायचं ते मामाने आधीच म्हणून टाकलं होतं. ती उभी राहिली, त्याच्याएवढीच. म्हणाली, "मग सरळच सांगते. मामी दमल्यात हो. मास्क पुरत नाही. नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नाही. आत्ता."

मामाने हात हवेत उचलला. एक क्षण थांबला. "मशीनवर टाकलं की मानूस परत येत न्हाय."

तीच चाल. तोच थांबा. 'परत' वर तोच दाब. मी ते वाक्य इतक्या वेळा केलंय की कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सूर चुकणार नाही. पण ह्या वेळी तो ओरडला नाही. हळू बोलला. आणि मला एकदम कळलं की हे तो करून दाखवत नाहीये.

डॉक्टरने गेल्या वर्षीचं उत्तर दिलं. श्वास दमलाय, मशीन त्याला सुट्टी देतं. मामा मान हलवत होता. "बराबर हाय. एक नंबर बोलला. मार्क देतो तुमाला. पन न्हाय."

"मामा, ही कार्यशाळा नाही."

"म्हनून तर न्हाय म्हनतोय."

तेवढ्यात यशपालदादा आला. मामा-मामीचा मुलगा, चिंचोळी एमआयडीसीत कामाला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हातावर ऑइल तसंच. आईने त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? अजिनाथकाका परत आला की मशीनवरून!"

"त्येचं येगळं."

"काय वेगळं?"

"त्यो लोखंडात काम केलेला मानूस. ही सुतात काम केलेली."

"आणा इकडं मॅडम, मी करतो सही." यशदादाने डॉक्टरच्या हातातल्या संमतीच्या कागदाकडे आणि पेनकडे हात नेला. मामाने त्याचं मनगट धरलं. कंडक्टरची पकड, चालत्या गाडीतून उतरणाऱ्या पोरांना धरून ठेवणारी. "सही केलीस तर बघ." "सोडा पप्पा." "तुला काय कळतंय? म्या हितं काम करतो!" बाहेरच्या बाकांवरची माणसं दाराशी आली होती. ज्यांना मामाने सकाळी धीर दिला होता तीच. सिक्युरिटीवाला आला, दारात उभा राहिला, मामाला ओळखून कुठे बघावं ते त्याला कळेना. आणि शिवलीला डॉक्टर त्या दोघांच्या मध्ये पेन घेऊन. बाप ओरडत असताना मुलाच्या सहीवर नळी घालायची, आणि काही कमीजास्त झालं तर पुढे काय होतं, हे तिलाही माहीत होतं. दारामागे मामीचा श्वास चालला होता तेवढाच काय तो वेळ आमच्याकडे होता, आणि तो आम्ही उभ्या उभ्या संपवत होतो.

आतून सिस्टरने डोकं बाहेर काढलं. "मॅडम, खाली येतंय सॅच्युरेशन. लवकर."

"मामा," डॉक्टर म्हणाली. तिचा हेल आता पुरता कानडी झाला होता. "तुम्हाला ह्याचं उत्तर माहीत आहे हो. दरवर्षी तुम्ही ऐकता. मग का?"

मामा खोलीत फिरायला लागला. खोली चार पावलांची, भिंतीला लागून परत, भिंतीला लागून परत. "ऐकतो की. पन तुमी दर साली येगळे. एक साल ह्यो, एक साल ती, उत्तर देतात आन् जातात. त्ये वाक्य मातुर म्या एकट्यानंच म्हटलंय. दर साली. पोटातनं. घरात म्हटलं, आरशाम्होरं म्हटलं, हाटेलात म्हटलं. खोटं हाय मला कळतंय. पन आत जाऊन बसलंय त्ये. आता तुमी नळी म्हनला, आन् तेच वर आलं. दुसरं काय वर येतच न्हाय."

मग डॉक्टरने विचारलं, "त्या तुमच्या तासाला दारामागं पेशंट कोण असायचं?"

"कोन असनार? कोन न्हाय. नुसतं दार."

"इथं आहे," ती म्हणाली, आणि पेन खिशात घालून चालायला लागली. मामा तिच्या मागून. यशदादा त्याच्या मागून. मी दाराच्या काचेला नाक लावलं. सिस्टरने मला हाकललं नाही, तिला तेवढी फुरसत नव्हती.

मामी अर्धी बसलेली होती. मास्कने चेहरा आवळलेला, गळ्याच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर येत होत्या, जड पेटी उचलताना येतात तशा. डोळे मात्र टक्क उघडे. पूर्ण शुद्धीत. आणि मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सकाळपासून आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो, आणि तिच्याशी मात्र सिस्टरच तेवढी बोलली होती, "हात सरळ ठेवा" म्हणून.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकली. मोठ्याने, म्हणजे काचेबाहेर मलाही ऐकू आलं. "मामी, फार दमलात?"

मान हलली.

"झोपेचं औषध देते, घशातून नळी घालते, मशीन श्वास देईल. फुफ्फुस सावरलं की काढू. हमी देत नाही. पण असंच राहिलात तर फार वेळ निभणार नाही. घालू?"

मामाने तोंड उघडलं. "यशपालची आई, ऐक—"

मामीने हात वर नेला आणि मास्क ओढला. हवा फस्सकन सुटली, मशीन केकाटायला लागलं, सिस्टर ओरडली. मामी श्वासाला एक शब्द अशी बोलली.

"घाला... की! ... कवाची... वाट... बगतीय!"

सिस्टर मास्क परत बसवायला गेली तर तिने तो पुन्हा दूर केला, मामाकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुमी... भाईर... जावा."

मामा बाहेर आला. आमच्यापैकी कोणाकडे बघितलं नाही. यशदादाने सही केली. आत पडदा ओढला गेला.

त्यानंतर नुसतं थांबणं. थांबण्याच्या कामात आमचं घर सगळ्यात कच्चं. यशदादा पाळी बदलून येत होता, आई डबे आणत होती. मामा जिना, पोर्च, मेडिकलचं दुकान, परत जिना. बाकांवरची माणसं आता त्याला काही विचारत नव्हती. एकदा कोणीतरी नवीन माणूस आला, म्हणाला, "काका, आमच्या आईला व्हेंटिलेटर सांगितलंय, तुमाला म्हाईत असतंय म्हनं." मामाने पाय थांबवला. मग म्हणाला, "आईला इचारलं का?" "आईला? आईला कसं इचारायचं?" "शुद्धीत हाय ना?" आणि पुढे निघून गेला, कारण त्याचं बोलणं तिथेच संपत होतं.

कार्यशाळा त्याच दिवसांत झाली. मामा गेला नाही. महेश्वरसर स्वतः येऊन गेले, त्याच्या बरोबरीने दोन जिने चढले-उतरले, घसा साफ केला, "बेसिकली" सुद्धा म्हणाले नाहीत. नातेवाईक म्हणून त्यांनी कॉलेजच्या नाटकातला एक मुलगा उभा केला होता. शिवलीला डॉक्टर म्हणाली, आवाज छान होता त्याचा, पण पहिल्याच वेळी "बसा" म्हटल्यावर बसला.

मग एका सकाळी नळी निघाली.

मामीचा आवाज गेला होता. नुसता वारा यायचा, त्यात शब्द शोधावा लागायचा. सिस्टर म्हणाली, घशाला नळी लागलेली असते, येईल हळूहळू, बोलायला लावू नका. मामा पलंगाच्या पायाशी दांडा धरून उभा होता. "बरं वाटतंय का?" मामीने पंख्याकडे बघितलं. "पानी देऊ?" मामीने डोळे मिटले. मामा आम्हाला म्हणाला, "बोलता येत न्हाय तिला अजून."

पण येत होतं. मामा बाहेर गेला की यायचं. यशदादाला तिने वाऱ्यातल्या वाऱ्यात विचारलं, नीट जेवतोस का, शर्ट तोच का. आईला म्हणाली, डब्यात मीठ कमी आहे. मला जवळ ओढून शेडमधल्या ऑर्डरचं काय झालं, कॉलर कोणी लावल्या, तिरक्या लावल्या असतील, हे सगळं. मामा आत आला की तोंड बंद. मामा पुन्हा "अजून येत न्हाय" म्हणायचा, आणि आम्ही माना डोलवायचो. त्याला कळलं नव्हतं असं नाही. इतका कान असलेल्या माणसाला दारातून बायकोची कुजबुज ऐकू येणार नाही? तो आत येताना मुद्दाम चपला आपटत यायचा. तिला गप्प व्हायला वेळ मिळावा म्हणून.

एका दुपारी तो तसाच चपला आपटत आत आला, आणि मागोमाग शिवलीला डॉक्टर राउंडला. मामी गप्प झाली, आणि मग डॉक्टरला बघून तिने हाताने खूण केली, जवळ या.

"डॉक्टरीणबाई." वारा आता थोडा आवाज झाला होता. "त्या दिशी समदं ऐकू येत हुतं मला. दार काय एवढं जाड न्हाय, आन् ह्यांचा आवाज... म्या पडल्या पडल्या म्हनत हुते, कोन तरी आत या की. कोन तरी मला इचारा."

डॉक्टर पलंगाच्या कडेला टेकली.

"परत काय लागलं तर मला इचारायचं. म्या शुद्धीत नसले तर यशपालला." ती थांबली, श्वास घेतला. "ह्यांना न्हाय."

मी आईकडे बघितलं, आई चादरीकडे. यशदादा काहीतरी म्हणायला गेला, "मम्मी, असं काय..." मामाने हात उचलला. मला वाटलं आता थांबणार, आणि मग काहीतरी सुटणार. पण त्याने हाताने यशदादाला नुसतं मागे सारलं. त्याचा चेहरा, खोटं कशाला सांगू, मला कधी कोणाचा असा चेहरा करता येणार नाही.

"लिहून घ्या डाक्टर," तो म्हणाला. गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा आवाज, पलीकडच्या पलंगावरचे आजोबा दचकून उठले. "फायलीवर लिहा. तारीख टाका. ह्यांना न्हाय. ती म्हनती तसं."

डॉक्टरने लिहिलं. मामा तिचं पेन हलणं बघत उभा राहिला, शेवटच्या अक्षरापर्यंत.

मामीने मान वळवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"हळू बोला की जरा," ती म्हणाली. "लोकं आजारी हायत हितं."